गोष्ट त्याची, सांगतोय मी

२०२१ च्या जुलैमध्ये मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक लिंक आली. सोबत मजकूर काहीच नाही. पाठवणारा माझ्याशी जवळजवळ तीन वर्षं बोलला नव्हता, आणि तो का बोलत नाही हे मला नीट माहीत होतं.

लिंक 'यंग रॉयल्स' या स्वीडिश मालिकेच्या ट्रेलरची होती. तेव्हा वर्क फ्रॉम होम चालू होतं आणि मी नाशिकला आईबाबांकडे होतो. दिवसभर हॉलमध्ये बसून कोड लिहायचा, मागे आईच्या मालिकांचा आवाज. रात्री सगळे झोपल्यावर मी हेडफोन लावले आणि पहिल्या सीझनचे सहाच्या सहा भाग एका बैठकीत पाहिले.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विल्हेल्म हा स्वीडनचा धाकटा राजपुत्र. काहीतरी भानगड केली म्हणून त्याला हिलेर्स्का नावाच्या श्रीमंतांच्या निवासी शाळेत पाठवतात. तिथे सिमोन नावाचा साध्या घरातला मुलगा भेटतो. दोघं प्रेमात पडतात. मग थोरला भाऊ एरिक गाडीच्या अपघातात जातो आणि धाकटा एका रात्रीत गादीचा वारस होतो. आता त्याच्या प्रत्येक गोष्टीवर घराण्याचा हक्क. मला राजघराण्यातलं काही कळत नाही, पण हे पटकन कळलं. आपल्याकडे एकुलत्या एक मुलाला जे असतं तेच हे, फक्त घर मोठं.

शेवटच्या भागांकडे येताना ऑगस्ट नावाचा विल्हेल्मचा लांबचा भाऊ त्या दोघांचा चोरून व्हिडिओ काढतो आणि तो सगळीकडे पसरवतो. तिथे मी पॉज केलं. रात्रीचे अडीच वाजले होते. ही लिंक मला का आली असावी, हे मला कळल्यासारखं वाटलं. उरलेला भाग पाहून झाल्यावर मी फक्त एवढंच लिहिलं, "बघितली. भारी आहे." दोन निळ्या टिका आल्या. उत्तर आलं नाही.

आता २०१८. आम्ही दोघं नाशिकमध्ये इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि गंगापूर रोडच्या बाजूला एका बंगल्याच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. घर शहरातच असून मी खोली घेतली होती, कारण अभ्यास. निदान घरी तसं सांगितलं होतं. तो निफाडकडचा, घरची द्राक्षबाग, दोन बहिणींच्या पाठीवरचा एकुलता एक मुलगा. ६ सप्टेंबरला, गुरुवारी, सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला : दोन सज्ञान माणसांचे संमतीचे समलिंगी संबंध हा यापुढे गुन्हा नाही. १८६० च्या दंडसंहितेतलं ३७७ कलम त्या मर्यादेत गेलं. दिल्ली हायकोर्टाने हेच २००९ मध्ये म्हटलं होतं, डिसेंबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं होतं, आणि आता पुन्हा उलटं. मला यातलं तेव्हा काहीही माहीत नव्हतं. दिवसभर फोनवर इंद्रधनुष्यं दिसत होती, एवढंच.

संध्याकाळी आम्ही खोलीवर पोहे खात होतो. ताटलीतून मान वर न करता तो म्हणाला, "आजची बातमी माझी आहे."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी "ओके" म्हणालो. मग "चहा टाकू का?" म्हणालो. यापेक्षा वाईट बोललो नाही याचं मला पुढे बरेच दिवस कौतुक वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी ते एकाला सांगितलं. वर्गातल्याच, विश्वासातल्या. द्वेषाने नाही, चेष्टेनेही नाही. खरं सांगायचं तर स्वतःची थोडी टिमकी वाजवायला सांगितलं. बघ, माझ्या रूम पार्टनरने मला हे सांगितलं, आणि मला काहीही वाटलं नाही. शनिवारपर्यंत ते एका ग्रुपवर होतं. पुढच्या गुरुवारी गणपती बसले. तो घरी पोचण्याआधी, त्याच्या गावाकडच्याच एका मुलामार्फत, बातमी घरी पोचलेली होती. घरात कुणी त्याला काही विचारलं नाही. ओरडाआरडा नाही, मारहाण नाही. फक्त दिवाळीपासून मुली बघायला सुरुवात झाली. गणपतीनंतर तो खोलीवर आला, गादी गुंडाळली, पुस्तकं पोत्यात भरली आणि दुसरीकडे राहायला गेला.

ही झाली माझी बाजू. म्हणजे त्याच्या गोष्टीतली माझी बाजू.

त्या मालिकेनंतर मला एक खूळ लागलं. असं काही मराठीत आहे का? टीव्हीवर असण्याची आशा नव्हती. आपल्या संध्याकाळच्या मालिकांची नावं बघा : 'चार दिवस सासूचे', 'होणार सून मी ह्या घरची', 'माझ्या नवऱ्याची बायको'. नावातच नातं, नात्यातच कर्तव्य, आणि सगळ्या गाड्यांचं शेवटचं स्टेशन लग्न. तिथे दोन मुलगे कुठून येणार? म्हणून पुस्तकांकडे वळलो. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे. लहानपणी बाबांचं कार्ड घेऊन तिथे जायचो. कुणीतरी ऑनलाइन सुचवलेलं 'पार्टनर' मी काउंटरवर मागितलं. समोर आलं वपुंचं 'पार्टनर'. मला हवं होतं ते बिंदुमाधव खिरे यांचं, एका समलिंगी मुलाच्या मोठं होण्याचं. खिऱ्यांनी पुण्यात २००२ मध्ये 'समपथिक ट्रस्ट' सुरू केला आणि या विषयावर साध्या मराठीत पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली. पण काउंटरपलीकडच्या काकांना "ते नाही, दुसरं" हे समजावून सांगायची माझी हिंमत झाली नाही. वपु घेऊन घरी आलो. गंमत म्हणजे तेव्हा घाम मला फुटला होता, आणि मी तर नुसता वाचक.

दुसऱ्या खेपेला तेंडुलकरांचं नाटक मागितलं. तेंडुलकर कसे, कुठेही मागता येतात.

'मित्राची गोष्ट' रंगमंचावर आलं १९८१ मध्ये. विनय आपट्यांनी बसवलेलं. मध्यवर्ती भूमिका रोहिणी हट्टंगडींची, म्हणजे पुढच्याच वर्षी ज्या 'गांधी' चित्रपटात कस्तुरबा म्हणून जगाला दिसल्या त्या. काळ स्वातंत्र्यापूर्वीचा, जागा पुण्याचं कॉलेज. सुमित्रा देव ही मुलगी, सगळे तिला मित्रा म्हणतात. कॉलेजच्या नाटकात ती पुरुषाची भूमिका करते आणि समोरच्या नायिकेच्या, नमाच्या, प्रेमात पडते. ज्या रंगभूमीने बालगंधर्वांना शालू नेसवून डोक्यावर घेतलं, तिथे एक मुलगी पुरुषाचे कपडे घालते आणि नाटक संपल्यावरही तिच्या मनातलं उतरत नाही. हे मला फार हुशार वाटलं. पुढे सगळं बिघडत जातं आणि शेवटी मित्रा जीव देते.

पण मी अडकलो ते दुसरीकडेच. हे सगळं आपल्याला सांगतो कोण? बापू. मित्राचा वर्गमित्र, भित्रा, बऱ्या मनाचा, तिच्यावर मनातून भाळलेला. मित्रा आपलं गुपित त्याला सांगते. त्याची खोली वापरायला मागते. तो देतो, घाबरतो, पुन्हा देतो. आणि ती गेल्यावर प्रेक्षकांसमोर उभं राहून सगळी कथा सांगायला तोच उरतो. नावातच ही गंमत आहे : मित्रा या मुलीची गोष्ट, आणि मित्राची, म्हणजे दोस्ताची, गोष्ट. तेंडुलकरांना ही पक्की जाण असणार. मी पान बाजूला ठेवलं आणि विचार केला की नाशिकच्या त्या वरच्या खोलीत बापू कोण होता हे सांगायला नको. फरक एवढाच की बापूने बोलायला ती जाईपर्यंत वाट पाहिली.

एकदा हे दिसलं की मग सगळीकडे तेच दिसायला लागलं. १९८२ चा 'उंबरठा', जब्बार पटेलांचा. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून, पटकथा पुन्हा तेंडुलकरांची. महिलाश्रमातल्या दोन मुलींचं एकमेकींवरचं प्रेम उघडकीला येतं. त्या काळच्या मराठी पडद्यावर हे दाखवणं ही साधी गोष्ट नव्हती, आणि मी ते श्रेय काढून घेत नाही. पण ते आपल्यापर्यंत पोचतं ते अधीक्षिका सुलभा महाजनची एक अडचण म्हणून. समिती काय म्हणेल, बाकीच्या बायका काय करतील, सुलभा यातून मार्ग कसा काढेल. स्मिता पाटीलच्या चेहऱ्यावरून कॅमेरा हलत नाही, आणि हलावा असं आपल्यालाही वाटत नाही. त्या दोघी रात्री एकमेकींशी काय बोलत असतील, हे मात्र आपल्याला कधीच कळत नाही.

२००६ चा 'थांग' अमोल पालेकरांचा. मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत केलेला. इथे लग्न झालेला पुरुष आहे, आणि त्याचं दुसऱ्या पुरुषावर प्रेम आहे. सांगणारी कोण? बायको. मृणाल कुलकर्णींनी केलेली सई. तिची फसवणूक झालेली आहे, तिचं दुःख खरं आहे, आणि या देशात कर्तव्य म्हणून उरकलेल्या अशा लग्नांतल्या बायकांबद्दल कुणीतरी बोलायला हवंच होतं. माझ्या मित्राने दिवाळीपासून ज्या मुली बघितल्या, त्यातल्या एकीचं पुढे काय झालं असतं ते 'थांग' सांगतो. तरीही, नवरा पुन्हा खोलीच्या पलीकडे.

म्हणजे मैत्रिणीची गोष्ट मित्र सांगतो, आश्रमातल्या मुलींची अधीक्षिका आणि नवऱ्याची बायको. पंचवीस वर्षं मराठीतल्या या प्रेमाला शेजारचा माणूस लागत होता. प्रेक्षकाला हात धरून आत न्यायला कुणीतरी 'आपल्यातलं' हवं, असा हिशेब त्यामागे असावा. हिशेब चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. १९८१ मध्ये मित्रा स्वतः पुढे येऊन बोलली असती, तर पहिल्या अंकानंतर किती खुर्च्या भरलेल्या राहिल्या असत्या कोण जाणे.

त्याच २००६ मध्ये मौज प्रकाशनाने एक छोटी कादंबरी काढली : सचिन कुंडलकरची 'कोबाल्ट ब्लू'. विशीच्या सुरुवातीला लिहिलेली. पुण्याच्या मध्यमवर्गीय घरात एक पेइंग गेस्ट येतो, आणि घरातला मुलगा तनय व मुलगी अनुजा दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. पुस्तकाचे दोन भाग. पहिला तनय सांगतो, दुसरा अनुजा. पेइंग गेस्टला नावच नाही. पहिल्यांदा एक मुलगा स्वतःच्या तोंडाने, दुसऱ्या मुलाला 'तू' म्हणत बोलतो आहे. अर्ध्या पुस्तकापुरता का होईना. मी ती बसमध्ये वाचली, नाशिक ते पुणे, आणि चाकणच्या ट्रॅफिकला पहिल्यांदाच दुवा दिला. जेरी पिंटोंनी २०१३ मध्ये तिचं इंग्रजी केलं. २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर चित्रपट आला तेव्हा मात्र पुण्याचं घर केरळात गेलं आणि मराठी गेली. दिसायला सुंदर आहे, पण मला तनय मराठीत तुटलेला हवा होता. हे माझं मत.

इथे मला वाटलं होतं की इतिहासाची रेघ सरळ आहे : आधी शेजारी बोलायचे, मग स्वतः बोलायला लागले. मग र. धों. कर्वे आडवे आले.

कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ ते १९५३ चाललं. त्यात वाचक लैंगिक शंका लिहून पाठवायचे आणि कर्वे कुठलाही आडपडदा न ठेवता उत्तरं द्यायचे. १९३४ मध्ये याच प्रश्नोत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला. प्रश्न हस्तमैथुनाबद्दल आणि समलिंगी संबंधांबद्दल होते. कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक प्रामाणिकपणे विचारत असतील तर शास्त्रीय उत्तर देणं अश्लील कसं, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता, आणि त्यासाठी त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या संशोधकांचे दाखले दिले. खटला हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

या खटल्याची गोष्ट सांगताना लोक कर्वे आणि आंबेडकर यांच्याजवळ थांबतात, आणि थांबावं अशीच ती दोन माणसं आहेत. मी मात्र त्या पत्र लिहिणाऱ्याचा विचार करत राहिलो. कुणीतरी कंदिलाच्या उजेडात कागद घेऊन बसला असेल. काय शब्द वापरला असेल त्याने? त्याच्याकडे 'समलिंगी' हा शब्द होता का? पत्र पेटीत टाकताना आजूबाजूला पाहिलं असेल. मित्राच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी कुणीतरी स्वतःबद्दल स्वतःच लिहीत होतं, फक्त नाव न घालता. मग उत्तर दिल्याबद्दल दंड झाला. म्हणजे बोलणारे आधीपासून होते. माझी सरळ रेघ तिथेच मोडली, आणि ते बरं झालं.

२०२३ चा ऑक्टोबर. बागांची छाटणी चालू होती. कॉलेजच्या ग्रुपवर निरोप आला की त्याचे वडील गेले, दशक्रिया विधी रामकुंडावर. मी पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघालो. जावं की नाही याचा विचार नारायणगावपर्यंत चालू होता. मग वाटलं, दहाव्याला आलेल्या माणसाला कुणी परत पाठवत नाही.

नाशिककरांना रामकुंडाचं वेगळं सांगायला नको. सकाळी आठलाच तिथे इतकी कुटुंबं असतात की कुठलं दुःख कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते कळत नाही. तो डोकं भादरून, उघड्या अंगाने, गुरुजी सांगतील तसं करत होता. पाच वर्षांनी पाहत होतो. त्याने मला पाहिलं, मान हलवली, पुन्हा दर्भाकडे बघायला लागला.

पिंड ठेवले. कावळा शिवेना. समोरच्या कठड्यावर तीन-चार बसलेले, पण एक खाली येईना. दहा मिनिटं, वीस मिनिटं. लोकांची चुळबुळ सुरू झाली. मग त्याचा चुलता पुढे आला आणि हात जोडून मोठ्याने म्हणाला, "अण्णा, काय मनात राह्यलं आसंल ते समजलं. पोराची काळजी करू नको. वरसाच्या आत त्याचं लगीन लावून देतो. सगळ्यांदेखत सांगतो."

कावळा आला.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. कुणीतरी "बघा" म्हणालं. त्याने मान वर केली आणि बरोबर माझ्याकडे पाहिलं. त्या गर्दीत ती नजर कुठे टाकायची हे त्याला एकाच माणसाबाबतीत ठाऊक होतं, आणि तो माणूस मी होतो. त्याच आठवड्यात, १७ तारखेला, सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला होता. दोन्ही निकाल एकाच माणसावर, एक दिल्लीहून, एक कठड्यावरून.

जेवणं झाल्यावर तो म्हणाला, "ती सिरीज पूर्ण बघितली होतीस?"

मी म्हणालो, "हो. ऑगस्टचं कळलं मला."

"कोण ऑगस्ट?" मग त्याला आठवलं. "अरे, त्यासाठी नव्हती पाठवली. आवडली म्हणून पाठवली. दुसऱ्या कुणाला पाठवणार?"

मी दोन वर्षं त्या लिंकमध्ये स्वतःला बघत होतो. त्याने ती पाठवली तेव्हा त्याच्या मनात विल्हेल्म आणि सिमोन होते. साहजिक आहे.

त्यानंतर आम्ही बोलायला लागलो. आधी क्रिकेट, मग नोकरी, मग बाकीचं. चुलत्याने दिलेलं वर्ष त्याने एका ऑनसाइट प्रोजेक्टमध्ये काढलं. आणि आपल्याकडे रीत अशी की वर्षाच्या आत कार्य झालं नाही तर तीन वर्षं थांबायचं. म्हणजे ज्या रूढीने त्याला पकडलं होतं तिनेच त्याला मुदतवाढ दिली. "बग नाही, फीचर आहे," असं तो म्हणतो.

जानेवारी २०२५ मध्ये बातमी आली की 'साबर बोंड' नावाचा मराठी चित्रपट सनडान्स महोत्सवात निवडला गेलाय, तिथे पोचलेला पहिला मराठी चित्रपट. नंतर त्याने तिथला वर्ल्ड सिनेमा विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कारही जिंकला. दिग्दर्शक रोहन परशुराम कानवडे, मुंबईतल्या एका खोलीच्या घरात वाढलेला, वडील ड्रायव्हर, स्वतः आधी इंटिरिअर डिझायनर. २०१६ मध्ये त्याचे वडील गेले तेव्हा दहा दिवस तो गावी होता, आणि सगळे नातेवाईक लग्नाचंच विचारत होते. इथे आपलं कुणी असतं तर, असं त्याला वाटलं, आणि त्यातून हा चित्रपट झाला. त्याआधी त्याने 'उ उषाचा' ही शॉर्ट फिल्म केली होती, शिक्षिकेकडे ओढली जाणारी एक निरक्षर शेतमजूर बाई तिच्यात आहे. तीही बघा.

१९ सप्टेंबरला चित्रपट लागला. शनिवारी तो पुण्यात आला आणि आम्ही दोघांनी पाहिला. आनंद मुंबईचा, तिशीतला. वडील गेल्यावर आईसोबत गावी येतो. दहा दिवस सुतकाचे नियम आणि नातेवाईकांचे प्रश्न. गावात लहानपणचा मित्र बाळ्या आहे, शेती-शेळ्यावाला, त्याच्याही मागे लग्नाचा लकडा. बाळ्या आनंदसाठी साबरबोंडं आणतो, निवडुंगाची ती लालभडक फळं. पार्श्वसंगीत अजिबात नाही, नुसते पक्षी, वारा आणि माणसं. कुणी जीव देत नाही. आनंदच्या आईला सगळं माहीत आहे, वडिलांनाही होतं. बाहेरचा कुणी हात धरून आत नेत नाही, आपण पहिल्यापासून आनंदच्याच शेजारी असतो. शेवट सांगत नाही.

'यंग रॉयल्स'ची आठवण मला चित्रपटभर येत होती. तिथे गादी, इथे दहा दिवसांचं सुतक. पण विल्हेल्मला त्याचं कर्तव्य सोडायचं की पाळायचं यातलं एक निवडावं लागतं. आनंद बापाचं सगळं करतो, मनापासून करतो, आणि त्याच दहा दिवसांत त्याला बाळ्या सापडतो. रामकुंडावर दर्भाची अंगठी घालून बसलेला माझा मित्रही वडिलांसाठी रडतच होता. तो चुलत्याचा शब्द ऐकत होता तेव्हाही रडत होता. हे दोन्ही एकाच माणसात असतं, हे मला त्या दिवशी घाटावर दिसलं होतं, पण कळलं थिएटरमध्ये.

माझ्या शेजारी तो मध्यंतरापर्यंत एक शब्द बोलला नाही. मग पॉपकॉर्नच्या रांगेत म्हणाला, "आमच्याकडं सुतकात असं नसतं हं." मला इतकं हसू आलं की पुढच्या बाईने वळून पाहिलं.

रविवारी एकत्रच नाशिकला निघालो. चित्रपटातलं गाव, खरशिंदे, संगमनेर तालुक्यातलं. म्हणजे आमच्या रोजच्या रस्त्याच्या आजूबाजूचंच, शंभरदा तिथून गेलो असू. चंदनापुरी घाट उतरताना त्याने मॅपवर ते गाव शोधलं आणि मला दाखवलं. मग खिडकीला डोकं लावून सिन्नरपर्यंत झोपला.

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मी आधी त्याला विचारलं. तो म्हणाला, लिही, पण आधी मला दाखव. मी गूगल डॉक पाठवला. त्याने तीन परिच्छेद काढायला लावले. एक त्याच्या आईबद्दलचा होता, एक बंगळुरूबद्दलचा, तिसरा कशाबद्दलचा होता तेही सांगू नको म्हणाला. काढले. गावाचं नाव काढलं. चुलत्याचं वाक्य मी पुस्तकी मराठीत लिहिलं होतं, ते त्याने नीट करून दिलं. पोह्यांबद्दल त्याची तक्रार नाही.

एकच कमेंट अजून उघडी आहे. 'दुसऱ्या दिवशी मी ते एकाला सांगितलं' या वाक्यावर त्याने लिहिलंय : "एकाला नाही. दोघांना."

मी बराच वेळ आठवत बसलो. मेसची रांग, हातात ताट, पुढे उभा असलेला मुलगा. बरोबर आहे. दोघांना.